व्हॅम्पायरचा माणूस

व्हॅम्पायरची कादंबरी पडद्यावर येणार अशी बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हॅम्पायरचं काम कोण करणार? माझी नजर त्याच बातमीत दुसरं नाव शोधते. व्हॅम्पायरच्या पदरी असलेला माणूस कोण होणार? भाड्याचं घर बघणारा, खिडक्या आतून झाकणारा, रात्री सामान घेऊन बाहेर पडणारा, पहाटे रक्ताचे डाग धुणारा तो माणूस. जाहिरातीत त्याचा चेहरा क्वचितच असतो, समीक्षणात त्याच्या वाट्याला एखाददुसरं वाक्य येतं. पण मूळ पुस्तक कोणी कसं वाचलं, हे मला त्याच्यावरूनच जास्त कळतं. व्हॅम्पायरला काय हवं आहे हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. त्याच्याजवळ राहणाऱ्याला काय हवं आहे, हे मात्र प्रत्येक रूपांतरात नव्याने ठरवावं लागतं.

ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’त या माणसाची गरज फारशी नाही. रेनफिल्ड आहे, पण तो डॉ. सिवर्डच्या मनोरुग्णालयात बंद आहे. माश्या, कोळी, चिमण्या खातो आहे आणि मालकाची वाट बघतो आहे. कामं सगळी काउंट ड्रॅक्युला स्वतःच करतो. वकिलांना पत्रं लिहितो, पैसे मोजतो, मातीच्या ५० पेट्या जहाजाने मागवतो, हमालांकरवी ठिकठिकाणी हलवतो. भर दिवसा तो लंडनच्या रस्त्यावर उभा असतो आणि त्याच्या किल्ल्यावर जाऊन आलेला तरुण वकील हार्कर त्याला पिकॅडिलीत पाहतो. उन्हात त्याची शक्ती कमी होते, इतकंच. तो मरत नाही. रेनफिल्डचा त्याला खरा उपयोग एकाच कामी होतो. घरातल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय ड्रॅक्युलाला पहिल्यांदा आत पाऊल टाकता येत नाही, आणि हार्करची बायको मीना ज्या इमारतीत झोपलेली आहे तिथे त्याला आत घेणारा माणूस रेनफिल्ड असतो. पुढे तो पस्तावतो, काउंटला अडवू पाहतो आणि मारला जातो.

१९२२ साली जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊने ‘नोस्फेराटू’ काढला तेव्हा ‘ड्रॅक्युला’चे हक्क घेतलेले नव्हते. नावं बदलली होती, पण ओळख लपली नाही. स्टोकरच्या पत्नीने, फ्लॉरेन्सने, दावा लावला आणि १९२५ साली जर्मन न्यायालयाने प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो पाहू शकतो. त्या चित्रपटाने पिशाच्चविद्येत एक नवीन कलम घातलं, जे स्टोकरच्या पुस्तकात नव्हतं: सकाळच्या उन्हात काउंट ऑर्लोक, म्हणजे तिथला ड्रॅक्युला, विरून जातो. पुढच्या शंभर वर्षांत हे कलम इतकं रुजलं की आज ते मूळचंच वाटतं. व्हॅम्पायर उन्हात मरतो असं एकदा ठरलं की त्याचा दिवस कोणीतरी दुसऱ्याने जगायला हवा. त्याच्या वतीने दार उघडायला, व्यवहार करायला, खोटं बोलायला माणूस लागणार. गंमत अशी की मुर्नाऊला स्वतःला हे अजून लागू पडलेलं नाही. त्याचा ऑर्लोक आपली शवपेटी आपणच काखोटीला मारून गावातून चालतो. आणि रेनफिल्डच्या जागी आलेला क्नॉक हा घरांची दलाली करणारा मालक आहे, जो तरुण नायकाला त्या किल्ल्यावर पाठवतो. म्हणजे पहिल्याच मोठ्या रूपांतरात नोकराची जागा बदलली.

१९३१च्या ‘ड्रॅक्युला’ या हॉलिवूडपटात ती पुन्हा बदलली. तो चित्रपट कादंबरीपेक्षा तिच्यावरून झालेल्या नाटकावर जास्त उभा होता. नाटक लंडनच्या दिवाणखान्यात कोंडलेलं, चित्रपटाला मात्र किल्ला हवा होता. मग किल्ल्यावर हार्करऐवजी रेनफिल्डच गेला. पात्रांची काटछाट करायची म्हणून केलेली ही सोय असावी. पण तिचा परिणाम मोठा झाला. कादंबरीत रेनफिल्ड भेटतो तोच वेडा. इथे आपण त्याला आधी शहाणा पाहतो. टापटीप कपडे, कागदपत्रांची बॅग, थोडी भीती, बरीचशी सभ्यता. आणि नंतर जहाजाच्या तळातून वर बघणारा, दात दाखवून हसणारा रेनफिल्ड, म्हणजे नट ड्वाइट फ्राय. ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीची नक्कल अनेकांनी केली. मला त्या चित्रपटातलं ते हसूच जास्त छळतं, कारण त्या हसण्याच्या आधी काय होतं ते मला माहीत असतं.

स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’चं १९७९ साली दूरदर्शन मालिकेत रूपांतर झालं, तेव्हाही काटा असाच सरकला. कादंबरीतला व्हॅम्पायर बार्लो गोड बोलणारा, सुसंस्कृत. मालिकेत त्याला ऑर्लोकसारखा टकला, निळसर, मुका प्राणी केला. मग बोलायचं कोणी? त्याचा सहकारी स्ट्रेकर. जेम्स मेसनसारखा नट त्या भूमिकेत, आणि मालिकेतली सगळी थंड सभ्यता त्याच्याकडे गेली. व्हॅम्पायरकडून काढून घेतलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या माणसाच्या खात्यात जमा होते, असं मला दिसू लागलं ते इथून.

हे सगळं ज्या एका कादंबरीसाठी सांगतोय ती योन आयविदे लिंडक्विस्तची, २००४ साली स्वीडिशमध्ये आलेली. इंग्रजीत आणि मग जगभर ती ‘लेट द राइट वन इन’ म्हणून ओळखली गेली. ज्यांनी ती वाचलेली नाही किंवा चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी इथे थांबलं तरी चालेल, कारण पुढे कथा उघड करावीच लागणार आहे.

१९८१ साल. स्टॉकहोमचं ब्लॅकेबर्ग हे उपनगर, जिथे लेखक स्वतः वाढला. विसाव्या शतकाच्या मध्यावर आखून बांधलेली वस्ती; जुनं असं काही नाही, चर्चसुद्धा नाही. बारा वर्षांचा ओस्कर शाळेत रोज मार खातो आणि घरी सुरी घेऊन सूडाच्या तालमी करतो. शेजारच्या घरात एली राहायला येते. ती दिसते त्याच्याच वयाची, पण वय मोजायचं तर शतकांत मोजावं लागेल. तिच्याबरोबर होकान नावाचा मोठा माणूस आहे, लोक त्याला तिचा बाप समजतात. तो तिच्यासाठी माणसं मारून रक्त आणतो आणि हे काम त्याला धड जमत नाही.

कादंबरीत होकान कोण आहे हे लेखकाने अजिबात झाकलेलं नाही. तो लहान मुलांबद्दल विकृत ओढ असलेला माणूस आहे. शिक्षक होता, ते कळल्यावर नोकरी गेली, दारूत बुडाला. अशा अवस्थेत एली त्याला भेटली, आणि फार जुनी गोष्ट नाही. तिच्यासाठी खून करण्यामागे त्याला काय मोबदला हवा आहे, हे वाचकाला स्पष्ट दिसतं. त्याच्या डोक्यात शिरून लिहिलेली ती पानं वाचताना मला पुस्तक खाली ठेवावंसं वाटत होतं. तरी ती पानं तिथे हवीत असं मला ठामपणे वाटतं, कारण ओस्कर आणि एली यांच्यात जे आहे ते काय नाही, हे त्या पानांमुळेच कळतं. शेजारी होकानची भूक ठेवली की दोन मुलांचं भिंतीवर टकटक करत मोर्सच्या सांकेतिक भाषेत बोलणं वेगळं ऐकू येतं. पुढे होकान मरतो, पण पुरता मरत नाही. ती भूक तेवढी शिल्लक राहिलेलं धूड बनून तो परत येतो. पुस्तकाचा तो सगळ्यात भयानक भाग आहे.

२००८च्या चित्रपटाची पटकथा लिंडक्विस्तनेच लिहिली आणि दिग्दर्शन तोमास आल्फ्रेडसनने केलं. आल्फ्रेडसनला भयपटाच्या परंपरेचं विशेष आकर्षण नव्हतं; त्याला त्या पुस्तकातला शाळेतला छळ भिडला होता. दोघांनी मिळून कादंबरीला कात्री लावली. शेजारपाजारचे मुलगे गेले, पोलिसांच्या गोष्टी गेल्या, परत आलेला होकान गेला. आणि होकानचा भूतकाळही गेला. पडद्यावर उरला तो पेर रॅग्नारने केलेला एक थकलेला, वयस्क, गबाळा माणूस. तो डबा, नरसाळं, सुरी असं सामान बॅगेत नीट भरतो. जंगलात एका तरुणाला बेशुद्ध करून झाडाला उलटा टांगतो आणि नेमका कोणाचा तरी पांढरा कुत्रा तिथे येऊन त्याच्याकडे बघत बसतो. कोण आहे हा? बाप? नोकर? चित्रपट सांगत नाही. एके रात्री बाहेर पडताना तो एलीला एवढंच विचारतो की आज त्या मुलाला भेटली नाहीस तर चालेल का. एली त्याच्या गालावरून हात फिरवते. नंतर पकडला जाण्याच्या क्षणी ओळख पटू नये म्हणून तो स्वतःच्या तोंडावर ॲसिड ओततो, आणि इस्पितळाच्या खिडकीतून वाकून तिच्या दातांसाठी मान पुढे करतो.

एवढ्या साहित्यावर प्रेक्षकांनी गोष्ट रचली. आणि जगभरच्या प्रेक्षकांनी जवळजवळ एकच रचली: होकान हाही कधीतरी बारा वर्षांचा होता. तोही एखाद्या ओस्करसारखा एलीच्या प्रेमात पडला, तिच्याबरोबर निघाला, म्हातारा झाला, ती झाली नाही. मग शेवटच्या प्रसंगात ओस्कर आगगाडीत बसतो, पायाशी पेटारा, पेटाऱ्यात एली, आणि तो बोटांनी पेटाऱ्यावर टकटक करतो, ते दृश्य एकदम थंडगार होतं. एकाच प्रसंगात पळून जाणारी दोन मुलं दिसतात आणि नव्याने नेमलेला नोकरही दिसतो.

कादंबरीत या अर्थाला आधार नाही. तिथला होकान अलीकडेच भेटलेला आहे, आणि एली त्याला सहन करते. म्हणजे लेखकाने स्वतःच्या हाताने एक माहिती काढली आणि त्या मोकळ्या जागेत त्याने कधीच न योजलेली गोष्ट येऊन बसली. रूपांतराबद्दल बोलताना आपण काय गाळलं याचीच यादी करतो. गाळलेल्या जागी काय उगवतं, ते मला त्याहून मोलाचं वाटतं. या चित्रपटात दुसऱ्या एका ठिकाणीही हे झालं. ओस्कर बापाकडे राहायला जातो, दोघं मजेत खेळत असतात, तेवढ्यात बापाचा एक मित्र येतो, बाटली टेबलावर येते आणि बापाचं मुलाकडे लक्ष राहत नाही. पुस्तकात बापाचं दारूचं व्यसन सविस्तर आहे. पडद्यावर नुसत्या नजरा उरल्या, आणि कित्येकांनी त्या दोन पुरुषांत प्रेमसंबंध वाचला. इथे मौनाने घोटाळा केला असं माझं मत आहे. दारूड्या बापाच्या घरातली मुलाची ती घुसमट हरवली. होकानच्या बाबतीत मात्र त्याच मौनाने चित्रपटाला कादंबरीत नसलेली एक खोली दिली.

एलीबद्दलचं मौन तिसऱ्या प्रकारचं आहे. कादंबरीत एली मुळात एलियास नावाचा मुलगा आहे, त्याच्यावर झालेला अत्याचार तिथे सांगितलेला आहे. चित्रपटात एली ‘मी मुलगी नसले तरी तुला आवडेन का’ असं विचारते, एका क्षणापुरता जुना व्रण दिसतो, आणि लीना लिआंडरसनच्या तोंडी आवाज दुसरीचाच, एलिफ जेलानचा, जरा जाड, जरा वयाबाहेरचा घातलेला आहे. आवाजाचा तो निर्णय मला फार आवडतो. दोनशे वर्षांचं ओझं दाखवायला ना मेकअप लागला ना पूर्वकथा.

आणि ते उंबरठ्याचं दृश्य. बोलावल्याशिवाय आत येता येत नाही, हा स्टोकरच्या पुस्तकातही असलेला जुना नियम. तो मोडून आत आलं तर काय होतं? ओस्कर मुलांच्या निर्दयपणाने हेच विचारतो आणि हाताने खुणावतो, ये ना. एली आत येते. काही क्षण काहीच होत नाही. मग तिच्या डोळ्यांतून, कानांतून, अंगाच्या कातडीतून रक्त यायला लागतं, आणि ओस्कर घाबरून तिला मिठी मारतो, ‘ये, आत ये’ म्हणून ओरडतो. नियम तोच, पण त्याची किंमत इथे व्हॅम्पायर मोजतो. दार उघडणारा ओस्कर त्या क्षणी रेनफिल्डच्या जागी उभा असतो, असं मला हल्ली वाटतं. फरक इतकाच की रेनफिल्डला बक्षिसाची आशा होती आणि या मुलाला समोरच्याचं रक्त थांबवायचं आहे.

दोनच वर्षांनी, २०१० साली, अमेरिकेत ‘लेट मी इन’ आला. इतक्या लवकर रिमेक कशाला, असा सूर सगळीकडे होता आणि आल्फ्रेडसननेही नाराजी लपवली नाही. रिमेक फसलेल्या चित्रपटांचे करावेत, असं त्याचं म्हणणं. दिग्दर्शक मॅट रीव्ह्जला स्वतःलाच आधी ही कल्पना पटली नव्हती. मग त्याने कादंबरी वाचली, त्यात त्याला स्वतःचं बालपण दिसलं, त्याने लिंडक्विस्तला तसं लिहून कळवलं. लेखकाचा पाठिंबा मिळाला आणि गोष्ट न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला, १९८३ सालात गेली. जिथे अणुबॉम्ब तयार झाला ते गाव. टीव्हीवर अध्यक्ष रेगन सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हणतायत, आणि ओवेन नावाचा ओस्कर फोनवर बापाला विचारतो की दुष्टपणा असं खरंच काही असतं का. स्वीडिश चित्रपटातल्या कोणीही हे तोंडाने विचारलं नसतं. पण ही अमेरिकेची स्वतःची चिंता आहे, उसनी नाही, म्हणून ती मला खटकली नाही.

दोन्ही चित्रपटांचे छायाचित्रकार, होयते व्हान होयतेमा आणि ग्रेग फ्रेझर, पुढे ऑस्कर विजेते झाले, हे जाता जाता. पहिल्यातला बर्फ मुबलक मिळावा म्हणून बरंचसं चित्रण उत्तरेच्या लुलिओ शहरात झालं होतं, आणि त्या बर्फाचा मऊ, पसरलेला उजेड सगळ्या पापावर सारखाच पडतो. दुसऱ्यात अंधार जास्त आहे, पिवळ्या दिव्यांखालचा.

रीव्ह्जने होकानचं काय केलं? त्याचं नाव काढून टाकलं. श्रेयनामावलीत तो नुसता ‘द फादर’. रिचर्ड जेंकिन्सने त्याच्यात जीव ओतला आहे. परक्या गाडीच्या मागच्या सीटवर लपून बसलेला तो, तोंडावर पिशवी, आणि मग सगळं फसून गाडी उताराला लागते. कॅमेरा गाडीच्या आत, मागेच खिळलेला. गाडी गडगडत उलटते तरी आपण बाहेर पडत नाही. व्हॅम्पायरच्या माणसाच्या नजरेतून इतका वेळ पाहायला लावणारं दृश्य मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिलेलं नाही. पहिल्या चित्रपटाने ज्याला दुरून पाहिलं, त्याच्या शेजारी रीव्ह्जने आपल्याला बसवलं.

आणि मग त्याने उत्तर देऊन टाकलं. ओवेनला ॲबीच्या, म्हणजे इथल्या एलीच्या, घरात जुनी छायाचित्रं सापडतात, फोटोच्या यंत्रातून निघालेली लहान लहान चित्रांची पट्टी. त्यात ॲबी आहे, आजच्यासारखीच, आणि तिच्या शेजारी चष्मा लावलेला एक मुलगा. तो मुलगा म्हणजे हा म्हातारा. जगभरच्या प्रेक्षकांनी जी शंका घेतली होती तिला चित्रपटाने पुरावा जोडला. लक्षात घ्या, ही पट्टी कादंबरीतून आलेली नाही. पहिल्या चित्रपटाच्या मौनातून प्रेक्षकांनी काढलेल्या अर्थाचा हा रिमेक आहे. श्रेय कादंबरीला दिलेलं असलं तरी या एका ठिकाणी रीव्ह्ज लेखकाशी बोलत नाहीये, आपल्याशी बोलतोय.

त्यामुळे मुलाचा निर्णय बदलतो. ओस्करला काहीच माहीत नव्हतं. ओवेनने आपलं भविष्य छायाचित्रात पाहिलेलं आहे आणि तरी तो गाडीत बसतो. काही जणांना हे ठळक वाटलं, शंकेची मजा गेली म्हणाले. मला तसं वाटत नाही. शंका गेली, पण तिच्या जागी ओवेनची संमती आली, आणि ती जास्त दुखते. माझी कुरकुर वेगळी आहे. पट्टी दिसल्यापासून ॲबीचं प्रत्येक हसणं मला भरतीच्या जाहिरातीसारखं वाटू लागतं, आणि तिचा एकटेपणा, जो ॲबी झालेल्या क्लोई ग्रेस मोरेट्झने फार चांगला केला आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायला मला कष्ट पडतात. एली मला कधी हिशेबी वाटली नाही. हा तोटा मोठा आहे.

२०२२ साली याच गोष्टीवर अमेरिकेत मालिका आली, न्यू यॉर्कमध्ये घडणारी, आणि एका हंगामात संपली. तिथे व्हॅम्पायर मुलीबरोबरचा माणूस तिचा सख्खा बाप आहे, आजारी लेकीसाठी खून करणारा. दमियान बिशीर मन लावून काम करतो. पण बाप म्हटलं की सगळं माफ होऊ लागतं. त्याने हे का करावं असा प्रश्नच उरत नाही, कोणताही बाप करील असं आपल्यालाही वाटू लागतं. होकानविषयी जी किळस आणि जी दया एकाच वेळी वाटायची, त्यातली किळस धुऊन निघाली.

लिंडक्विस्तने दोन्ही चित्रपटांची मनापासून स्तुती केली. पहिल्याच कादंबरीची दोन उत्तम रूपं मिळाली म्हणून स्वतःला नशीबवान म्हटलं. पण ओस्कर हा पुढचा होकान, हे वाचन त्याला मान्य नव्हतं. म्हणून त्याने नंतर एक कथा लिहिली. तिच्यात ती दोन मुलं दुरूनच येतात, दुसऱ्याच माणसांच्या आयुष्याच्या कडेने, आणि ओस्करच्या वाट्याला म्हाताऱ्या नोकराचं नशीब आलं नाही असं सूचित होतं. कथा चांगली आहे. कादंबरीचा शेवट म्हणून मी ती मानतो, कारण कादंबरीतल्या एलीला आणि ओस्करला ती शोभते.

चित्रपटाला मात्र मी ती लावू शकत नाही. त्या पटकथेतून होकानचं पूर्वायुष्य काढून टाकणारा हात लेखकाचाच होता, आणि एकदा ते गेल्यावर पेर रॅग्नारचा चेहरा आणि गालावरून फिरलेला तो हात एवढाच पुरावा शिल्लक राहिला. लेखकाची कथा वाचून झाल्यावरही मी तो प्रसंग पुन्हा पाहतो, आज त्या मुलाला भेटू नकोस म्हणून तो विनवतो, आणि हा माणूस बारा वर्षांचा असताना कोणत्या गावात राहत असेल, याचा विचार मी करू लागतो.